दातावरच्या टिकल्या

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. त्याबद्दल माफी असावी. चौथी पास झाले आणि शाळा सुटली. त्यानंतर पेन हातात धरायचं ते सही करायला, नाहीतर माहेरी चार ओळींचं कार्ड टाकायला. माझी ओळ सरळ जात नाही, वर वर चढत जाते. हे कोणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही. कोणाच्या हाती लागलंच तर त्यानं चुकांना हसावं आणि पुढं वाचावं. तोंडानं सांगायला गेले की दुसऱ्याच वाक्याला मला लाज वाटते आणि मी गप्प होते, म्हणून कागदावर. आणि ही गोष्ट आठवली की मला अजून इतका आनंद होतो, की तो कुठं ठेवावा ते कळत नाही.

माझे वरचे पुढचे दात बाहेर होते. थोडे नाही, चांगलेच. ओठावर ओठ कधी टेकायचाच नाही. झोपेतून उठले की तोंड कोरडं पडलेलं असायचं. चूल फुंकायला फुंकणी लावली तर निम्मी हवा बाजूनं निघून जायची, जाळ लागायच्या आधी डोळ्यांतून पाणी. चाळीतली पोरं मला किसणी म्हणायची. कोणाकडे हळदीकुंकू असलं, नारळ फुटला, की एखादं कारटं ओरडायचं, "खोबरं किसायचं आसंल तर काकीला बोलवा की!" त्यांच्या आया त्यांना मारायच्या, पण मारताना हसायच्या. म्हणून पदर कायम तोंडावर. मोठ्या माणसांसमोर तर घ्यायचाच असतो, पण मी बायकांत बसले तरी घ्यायची. लोक म्हणायचे, काय वळणाची सून आहे. वळण कसलं, दात होते.

आम्ही राहायचो गिरणीच्या मागच्या चाळीत, दोन खोल्यांत. हे गिरणीत होते. मी घरी कांड्या भरायची. कारखानदाराचा माणूस सूत आणून टाकायचा, ते चरख्यावर कांड्यांवर गुंडाळून द्यायचं, त्या मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात बसतात. आठवड्याला हिशेब व्हायचा. घरात सासू-सासरे. सासू म्हणजे माझी सख्खी आत्या, वडिलांची बहीण. त्यामुळं मी त्यांना आत्या म्हणायची आणि सासऱ्यांना मामा. मामा गिरणीतून निवृत्त झालेले. माणूस शांत, पण उंबऱ्यापाशी आले की खाकरायचे. आपल्याकडे वडीलधारा पुरुष आत येण्याआधी खाकरतोच, म्हणजे सुनेनं सावरून घ्यावं. मामा खाकरले की मी कणीक मळत असले तरी पिठाचा हात पदराला जायचा. विचार करावा लागायचा नाही. शिंक येते तसं ते होतं.

आणीबाणी उठून वर्ष झालं असेल, माझी दाढ ठणकायला लागली. आत्या मला नव्या पेठेतल्या दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टर नुकतेच मुंबईहून शिकून आलेले, माझ्याहून एखाद-दोन वर्षांनी मोठे असतील. दवाखाना म्हणजे एक खोली, मधे हिरवा पडदा, पडद्यापलीकडे बाक. मी तोंड उघडायलाच तयार होईना. नवऱ्याशिवाय कुठल्या पुरुषानं माझे दात नीट पाहिले नव्हते, आणि नवऱ्यानंही अंधारातच जास्त. आत्यांनी पाठीत धपाटा घातला तेव्हा मी आ केला.

डॉक्टरांनी दाढ बघितली आणि मग पुढचे दात बघत राहिले. म्हणाले, "मावशी, हे दात सरळ होतील."

आत्या म्हणाल्या, "कुनाचे? हिचे?"

"हिचेच. दोन वर्षं लागतील. वरची दोन्ही बाजूंची एकेक दाढ काढायची आणि पुढचे दात तारेनं हळूहळू मागं सरकवत न्यायचे."

"दात काय पाट हाय का वो, सरकवायला?"

"सरकतो मावशी. रोज थोडा थोडा."

मग त्यांनी समजावून सांगितलं. आजवर प्रत्येक दाताभोवती पत्र्याची अंगठी घालायची पद्धत होती. ती दुखते, वेळ खाते आणि खर्चही पुष्कळ येतो. आता नवीन पद्धत निघाली आहे. दाताच्या पुढच्या बाजूला एक बारीक चौकोनी तुकडा नुसता चिकटवायचा आणि त्याच्या खाचेतून तार न्यायची. त्यांनी एक तुकडा तळहातावर ठेवून दाखवला. त्याला ते ब्रॅकेट म्हणत होते. मला ती कपाळाची टिकलीच वाटली, फक्त चौकोनी आणि स्टीलची. शेवटपर्यंत मी टिकलीच म्हणत राहिले आणि पुढं डॉक्टरही तसंच म्हणायला लागले.

"फक्त त्या चिकटून राहिल्या पाहिजेत," डॉक्टर म्हणाले. "सगळं त्यावर आहे. मुंबईत मी शिकलो, इथं अजून कोणाला लावल्या नाहीत. म्हणून कमी पैशात करून देतो. पाचशे."

पाचशे ऐकून मी खुर्चीवरून उतरून चपला शोधायला लागले.

घरी आल्यावर आत्यांनी ट्रंक उघडली. त्यांची भिशी लागली होती आणि त्या पैशाची बोरमाळ करायची हे सगळ्या चाळीला ठाऊक होतं. त्यांनी नोटांची पुरचुंडी माझ्यापुढं टाकली.

"ऐक. हे पैसे मी तुला उसने देतेय. त्या टिकल्या चिकटून राहिल्या, दात आत गेले, तर सगळे पैसे फेडायचे. एक रुपया सोडणार न्हाय. आन् पडलं समदं, तर मी काय मागायची न्हाय. माझे पैसे पान्यात गेले म्हनीन."

मी म्हटलं, "आत्या, तुमची बोरमाळ..."

"बोरमाळ तुज्या दातावर चढली म्हन की!"

हे रात्रपाळीवरून आले तेव्हा त्यांना सांगितलं. ते चहा पीत म्हणाले, "आता काय वाईट हाय? मला तर हाय तसंच बरं वाटतं." मला इतकं बरं वाटलं, की त्यांना अजून अर्धा कप दिला. पण दात करायचे ठरलं ते ठरलंच. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणाचे पैसे फेडायची हौस आली होती. फेडायची वेळ आली म्हणजे दात आत गेले, एवढंच मला कळत होतं.

दाढा काढल्या, जखमा भरल्या, आणि टिकल्या लावायचा दिवस आला. आत्यांनी चाळीमागं एक म्हैस पाळली होती, तिचं बघायचं होतं म्हणून मामा माझ्याबरोबर आले. सुनेला एकटीला डॉक्टरकडे कसं पाठवायचं. मामा बाकावर बसले, मी पडद्याच्या आत.

त्या दिवसाचं सगळं मला अजून दिसतं. डॉक्टरांनी दात पांढऱ्या भुकटीनं घासले, धुतले. मग एक आंबट औषध कापसानं दातांवर लावून तसंच राहू दिलं. ते धुऊन रबरी फुग्यानं हवा मारली आणि आरसा माझ्या हातात दिला. औषध लावलेले दात खडूसारखे पांढरे झालेले. डॉक्टरांचा चेहरा नुसता फुललेला. "बघ. आता दात खडबडीत झालाय, डोळ्याला दिसणार नाही इतका. या खडबडीत चिकट औषध जाऊन बसतं. फक्त आता काही लागू द्यायचं नाही. वरचा ओठ दोन्ही हातांनी असा वर धरून ठेव." मी धरला. त्यांनी माझ्याकडे पाठ करून टेबलावर दोन मलमं एकत्र घोटली. ती घोटली की लगेच घट्ट होतात, म्हणून घाई. मग एकेक टिकली चिमट्यानं दातावर ठेवून दाबायची. आधी उजव्या बाजूचे तीन दात केले. मग डाव्या बाजूला पुन्हा पहिल्यापासून: भुकटी, आंबट औषध, पाणी, हवा, आणि माझे हात ओठावर.

घरी आले तर चाळ जमली. आत्यांनी मला उंबऱ्यात उजेडाला बसवलं. "दाखव गं." बायका वाकून वाकून बघत होत्या. शेजारची काकू म्हणाली, "अगं बाई, दातालाबी कुंकू लावल्यागत!" मला लाज वाटत होती आणि दाखवावंसंही वाटत होतं. असं दोन्ही एकदम मला कधी वाटलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी कांड्या नेहमीपेक्षा जास्त भरल्या. चरखा थांबवावासाच वाटेना.

चौथ्या दिवशी सकाळी चूळ भरताना मोरीत टिंग असं वाजलं. टिकली. मी ती पाण्यातून शोधून काढली आणि हातात धरून तशीच बसून राहिले. संध्याकाळपर्यंत तिच्या शेजारची हलायला लागली, आणि आठवडा संपायच्या आत डाव्या बाजूच्या तिन्ही गेल्या. एक तर जेवताना पोटातच गेली. उजवीकडच्या तिन्ही मात्र पक्क्या.

"कडक भाकरी खाल्लीस," आत्यांनी निकाल दिला.

"न्हाय हो आत्या, दुधात कुस्करून खाल्ली."

"मग शेंगाची चटनी. त्यात एखादा दाना आख्खा ऱ्हातो."

"चटणी बी न्हाय."

"मग सूत! सूत दातानं तोडतीस तू, मी बघितलंय."

ते खरं होतं. कांडी भरताना धागा संपला की तो दातानं तोडायची सवय सगळ्याच बायकांना असते. त्या दिवसापासून आत्यांनी माझ्या चरख्याला दोरीनं कात्री बांधली आणि समोर ठाण मांडून बसल्या. माझ्यासाठी भाकरी मऊ, आमटी पातळ, आणि डाव्या बाजूनं घास फिरवला तरी आत्या डोळे वटारायच्या. हे आणि मामा कडक भाकरी कुरुमकुरुम मोडायचे आणि मी आपली वरणात बुडवलेला भात गिळायची.

पुन्हा गेलो. पुन्हा मामा बरोबर. डॉक्टरांनी पाकिटातल्या नव्या टिकल्या काढल्या, जास्त वेळ औषध ठेवलं, जास्त वेळ दाबून धरलं. डाव्या बाजूच्या तिन्ही पुन्हा पडल्या. या वेळी तर सूत नाही, भाकरी नाही, काही नाही. भात खाऊन खाऊन माझ्या बांगड्या सैल झाल्या होत्या.

चाळीतलं कौतुक आता बदललं. काकू म्हणाली, "कपाळाची टिकली बरी गं बाई, रोज नवी लावता येती. दाताच्या टिकलीनं बोरमाळ खाल्ली." आत्या तिला काही बोलल्या नाहीत. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं, कारण आत्या कोणाचं ऐकून घेणाऱ्या नव्हत्या.

तिसऱ्या वेळी डॉक्टरांचा चेहरा उतरलेला होता. त्यांनी पाकीट झटकून दाखवलं. "एवढ्याच राहिल्या. मुंबईहून मागवायच्या तर महिने जातील, आणि मागवून तरी काय? माझंच काहीतरी चुकतंय. उजवीकडे बसतात आणि डावीकडे बसत नाहीत, असं कसं होईल? या पडल्या तर मी थांबतो. मग अंगठ्याच घालाव्या लागतील, त्याला जवळजवळ दुप्पट खर्च येईल. उरलेले पैसे मी परत करेन."

उरलेले म्हणजे किती उरले असणार! दोन दाढा काढून बसलेली मी. पुढचे दात होते तिथंच बाहेर आणि मागं दोन खिडक्या. माझं हसणं तर आधीच नव्हतं, आता चावणंही गेलं होतं. आणि मला आत्यांचे पैसे फेडायचे नाहीत, हे मला सहनच होईना. त्यांनी माफ केलेले पैसे घेऊन मी त्या घरात कशी वावरणार होते?

या वेळी आत्यासुद्धा आल्या होत्या. म्हैस शेजारी सांगून आल्या होत्या. मामांना त्यांनी बाकावर बसवलं आणि स्वतः सरळ पडद्याच्या आत येऊन स्टुलावर बसल्या. डॉक्टर म्हणाले, "मावशी, बाहेर बसा." आत्या म्हणाल्या, "माझे पैसे हायत, मी बघनार." डॉक्टरांनी भुकटीची डबी उघडली.

भुकटी, आंबट औषध, पाणी, हवा. दात खडूसारखे झाले. मी ओठ वर धरला. डॉक्टर पाठ करून मलम घोटायला लागले. बाहेर मामांना बसून कंटाळा आला होता. नेहमीच यायचा. पहिल्या खेपेला उजवी बाजू होईपर्यंत बसून राहिले आणि डावी चालू झाल्यावर उठून पडद्यापाशी आले होते, किती उरलंय ते विचारायला; दुसऱ्या खेपेलाही तसेच. तसे ते आताही आले आणि खाकरले.

"झालं का डॉक्टर?"

माझा हात ओठावरून सुटला आणि पदर तोंडावर आला. ओठ दातांवर घट्ट मिटायचा मी प्रयत्न केला, कारण पदराच्या आत दात झाकायची माझी सवयच तशी होती.

"अगं, काय करलालीस तू!" आत्या ओरडल्या. "हलू नगं म्हनले न्हाईत का डॉक्टर?"

डॉक्टर वळले. हातात मलम लावलेली टिकली. माझ्या तोंडावर पदर.

"ओठ सोडलास?"

मी मान हलवली.

"मागच्या वेळी पण?"

मी मान हलवली.

"त्याच्या आधी पण?"

आता मला रडू यायला लागलं होतं. पदरातूनच मी म्हटलं, "मामा खाकरले की..."

डॉक्टरांनी टिकलीवरचं मलम पुसून ती खाली ठेवली आणि ते स्टूल ओढून बसले. मला वाटलं आता रागावणार. तर ते हसायला लागले. इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मलम पाटीवर दगड होऊन गेलं तरी त्यांना त्याचं काही नाही. "थुंकी!" ते म्हणाले. "मावशी, थुंकी लागत होती! एवढीशी ओल लागली तरी केलेलं सगळं वाया. मी पाठ केली की ही ओठ मिटत होती आणि मी वळायच्या आत परत वर धरत होती. आणि मी आपला मुंबईच्या सरांना पत्र लिहायला बसलो होतो, की इथल्या पाण्यात काही दोष आहे का म्हणून!"

आत्यांना एवढं कळलं ते पुरलं. त्या उठून तरातरा पडद्याबाहेर गेल्या.

"तुमच्या खोकल्यानं माझ्या सुनेचे दात पडलालेत!"

"मी काय दातावर खोकलो व्हय?" मामा म्हणाले.

"दातावरच खोकलाव! तीन तीन येळा खोकलाव! बोरमाळ गेली माझी तुमच्या खोकल्यात!"

मामांना काही उमगेना. डॉक्टरांनी बाहेर जाऊन त्यांना सगळं सांगितलं. मला पडद्याआडून ऐकू येत होतं. मग मामा पडद्याजवळ आले. खाकरायला गेले असतील, अर्ध्यावर थांबले, कारण एक चमत्कारिक आवाज झाला. आणि म्हणाले, "पोरी, माझ्यापुढं पदर घेऊ नगंस आता. ते दात बसंपतोर तरी."

"बसल्यावर तर अजाबात घेऊ नगंस," आत्या म्हणाल्या. "पैसे घालून केलेत, ते काय झाकायला?"

मामा मला पहिल्यांदाच असं थेट काही बोलले होते. मी "व्हय मामा" म्हटलं, पण मला खात्री नव्हती. हात माझा असला तरी तो मला विचारून जात नव्हता. आत्यांना ते बरोबर माहीत होतं. त्यांनी माझा पदर ओढून कमरेला करकचून खोचला, वर गाठ मारली, मामांना रस्त्यापलीकडे चहाच्या गाड्यावर धाडलं आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "आता कर ओठ वर."

पुन्हा भुकटी, पुन्हा आंबट औषध. डॉक्टरांनी मलम घोटलं तेव्हा खोलीत कोणी श्वास घेत नव्हतं. आत्यांचे डोळे माझ्या ओठावर आणि माझे त्यांच्या डोळ्यांवर. एक टिकली. दुसरी. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवली आणि माझी बोटं दचकली, पण ओठ सुटला नाही. तिसरी. डॉक्टर दाबून धरत पुटपुटत होते, "बस, बस, बस." आता वाटतं, ते टिकलीला म्हणत असावेत.

बाहेर आलो तर मामा गाड्याशी उभे होते, उपरण्याचा बोळा तोंडावर धरून. चहा तसाच गार झालेला. "झालं?" असं त्यांनी नुसत्या भुवयांनी विचारलं. आत्या इतक्या हसल्या, की रस्त्यातली माणसं बघायला लागली.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. सकाळी डोळा उघडला की आधी जीभ दातांवर. आहेत. चूळ हळूच. आहेत. जेवण झालं, आहेत. चाळीतली पोरं सकाळी दारात येऊन विचारायची, "काकी, हायत का पडल्या?" आता त्यांच्या विचारण्यात टोमणा नव्हता. त्यांनी आपसात गोट्यांची पैज लावली होती. चौथा दिवस गेला. आठवडा गेला. पंधरवडा गेला. संक्रांत आली. सगळ्या चाळीचा तिळगूळ आत्यांनी माझ्या हातून काढून घेतला आणि माझ्यादेखत स्वतः खाल्ला, उरलेल्या दोन दातांनी. आमच्या गावची संक्रांतीची गड्ड्याची जत्रा भरली तेव्हा सगळे भाजक्या शेंगा फोडत फिरत होते आणि मी आपली जिभेनं टिकल्या मोजत पाळण्यात बसले होते. सहाच्या सहा!

डॉक्टरांनी चिमट्यानं एकेक ओढून पाहिली आणि तार घातली. घट्ट तार, मग आणखी घट्ट. तार बदलली की दोन दिवस डोकं ठणकायचं, भातही चावायचा नाही, तरी मला आनंद. दुखतंय म्हणजे दात चाललेत. खिडक्या बारीक व्हायला लागल्या. दुसरी संक्रांत जवळ आली होती. एका सकाळी फुंकणी ओठांना लावली आणि फुंकर मारली, तर चुलीतल्या तुराट्या भडकन पेटल्या. मी घाबरून मागं सरले. मग पुन्हा फुंकलं. पुन्हा. गरज नसताना मी फुंकत बसले. राख उडून पिठात पडली.

"काय पेटवलालीस घर?" आत्या आतून आल्या. मी मान वर केली आणि ओठ मिटून त्यांच्याकडे पाहिलं. नुसते मिटले, जोर न लावता. आत्या माझ्यासमोर बसल्या. हनुवटीला धरून माझं तोंड उजेडाकडे वळवलं, या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं.

"माझे बी आसेच हुते," त्या म्हणाल्या. "हुबेहूब. तुज्या बापाचे, माझे, आमच्या समद्यांचे. मिसरी लावून लावून पडले तवा सुटले मी." मग हनुवटी तशीच धरून म्हणाल्या, "मी कशी दिसले आसते, बघायचं हुतं मला."

मी त्यांना बघू दिलं. बराच वेळ बघितलं त्यांनी. मग म्हणाल्या, "बरी दिसले आसते की," आणि राख पडलेलं पीठ चाळायला घेतलं.

दोन वर्षं होऊन वर काही महिने गेले, तेव्हा टिकल्या काढायचा दिवस आला. डॉक्टरांनी पकड घेतली. उजवीकडची पहिली कट्कन निघाली. डावीकडची काही केल्या निघेना. डॉक्टरांना घाम फुटला. "आता सोड म्हणतोय तर सोडत नाही!" तोंडात पकड असताना मला हसू आलं, ते दाबायचं कसं ते कळेना, म्हणून मी दाबलंच नाही. आ करून, डॉक्टरांसमोर, पडद्याआत येऊन उभ्या राहिलेल्या मामांसमोर, मी मोठ्यानं हसले. पदर खांद्यावर होता. मामा म्हणाले, "आरं, हसती की ही!" आणि मग त्यांना खोकलाच आला, खराखुरा.

पैसे मी त्या तिसऱ्या वेळेपासूनच फेडायला घेतले होते. आठवड्याच्या बाजाराला कांड्यांचा हिशेब झाला, की मीठ-मिरचीचं बाजूला काढून उरेल ते आत्यांच्या हातात. कधी पाच, कधी सात, सुताचा तुटवडा असला की दोनच. आत्या अंगठ्याला थुंकी लावून प्रत्येक वेळी मोजायच्या, दोनच नोटा असल्या तरी. मला ते मोजणं फार आवडायचं. त्या मोजायच्या तेव्हा माझी जीभ आपोआप दातांवरून फिरायची.

टिकल्या निघाल्या त्याच्या पुढच्या बाजाराला शेवटचे दहा उरले होते. मी नोट पुढं केली. आत्यांनी हात मागं घेतला.

"ऱ्हाऊ दे आता. बांगड्या भर त्याच्या."

"न्हाय आत्या."

"अगं, मी देतेय न्हवं?"

"एक रुपया सोडणार न्हाय म्हनला हुता तुमी. दात आत गेले तर फेडायचे. गेले की न्हाय आत?"

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना कधी उलट बोलले नव्हते, आणि हे तर पदर न घेता, दारात, काकू ऐकत असताना.

"गेले की," त्या म्हणाल्या.

"मग घ्या."

त्यांनी नोट घेतली. एकच नोट, तरी अंगठ्याला थुंकी लावून दोन्ही बाजूंनी उलटून बघितली, आणि चंचीत घालून दोरी आवळली.

"फिटले," आत्या म्हणाल्या. "समदे फिटले."